नैऋत्येला झुकलेली घरगाडी

वेणीमाधव गायधनी यांनी चौतीस वर्षं एकलहऱ्याच्या वीज केंद्रात टर्बाइनची थरथर मोजली. टर्बाइन म्हणजे मिनिटाला तीन हजार वेळा फिरणारं धूड. त्याच्या एका बाजूला मूठभर वजन जास्त झालं तरी ते अंगात आल्यासारखं थरथरायला लागतं, आणि ती मूठ नेमकी कुठे आहे हे हुडकून काढण्यात वेणीमाधवरावांचा हात धरणारा माणूस केंद्रात नव्हता. दुरुस्ती झाली की ते चालत्या टर्बाइनच्या अंगावर पाच रुपयांचं नाणं कडेवर उभं करत. नाणं पडलं नाही की एकच शब्द बोलत, "बॅलन्स!" निवृत्तीच्या समारंभात त्यांनी याच शब्दावर पाऊण तास भाषण केलं. अशा माणसाला स्वतःच्या दारातल्या गाडीत कुठल्या बाजूला काय जास्त झालंय, हे अकरा महिने दिसलं नाही. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात, आणि हा दिवा तर थेट वीज केंद्रातला होता.

गाडी म्हणजे मोटरहोम. जेलरोडच्या त्यांच्या गल्लीत सगळे तिला घरगाडी म्हणत. अठरा वर्षांपूर्वी संगमनेरच्या एका हौशी डॉक्टरांनी मिनीबसच्या सांगाड्यावर ती बांधून घेतली होती. आत दोन बाक, एक पलंग, हात धुवायला बेसिन आणि मागच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकचं शौचालय. डॉक्टर काश्मीर बघून आले, मग त्यांचे गुडघे गेले आणि गाडी चिंचेखाली उभी राहिली. वेणीमाधवरावांनी निवृत्तीनंतर तिसऱ्याच आठवड्यात ती घरी आणली.

त्यामागे एक जुनं वचन होतं. लग्न झालं तेव्हापासून ते बायकोला, गोदावरीबाईंना, सांगत आले होते की एकदा निवृत्त होऊ दे, मग तुला सगळा देश दाखवतो. छत्तीस वर्षांत त्यांनी तिला शिर्डी, वणी आणि नातेवाइकांची लग्नं दाखवली. शिफ्टची नोकरी, सुट्टी मिळाली की ते झोपत. गोदावरीबाई कधी कुरकुरल्या नाहीत. सकाळपाळी, दुपारपाळी, रात्रपाळी, तिन्ही पाळ्यांचे डबे त्यांनी वेळेवर भरले आणि वाट पाहिली. हे वचन वेणीमाधवरावांना अगदी मनापासून पाळायचं होतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे त्यांचं जे काही होणार आहे ते वाचून माणूस ढोंगी वाटायचा. ते ढोंगी नव्हते. ते फक्त इंजिनिअर होते.

गाडी दारात आली आणि त्यांनी आत एक फेरी मारली. म्हणाले, "डॉक्टरांनी गाडी केली, पण यात घर कुठे आहे?" घर म्हणजे अर्थातच स्वयंपाकघर. बाहेरचं खाणं वेणीमाधवरावांना चालत नसे. म्हणजे पोटाला चालत असे, तत्त्वाला चालत नसे. भेळ समोर आली की ते तत्त्व थोडा वेळ घरी ठेवून येत. पण पोळी मात्र घरच्याच पिठाची हवी, आणि पीठ घरच्याच घरघंटीवर दळलेलं हवं. देश बघायचा तो घरची पोळी खात, हा त्यांचा निर्धार होता. हा निर्धार करताना पोळी कोण लाटणार हा प्रश्न त्यांना पडला नाही, कारण तो त्यांना आजवर कधीच पडला नव्हता.

आता स्वयंपाकघर कुठे बसवायचं हे ठरवायला त्यांचा चुलत भाऊ विश्वेश आला. गायधनींचं घराणं यात्रेकरूंचे विधी करणाऱ्यांचं. विश्वेश सकाळी रामकुंडावर यजमानांचे संकल्प सांगायचा आणि दुपारनंतर लोकांच्या भिंती कुठल्या दिशेला चुकल्या आहेत ते सांगायचा. दुपारचा व्यवसाय जोरात होता.

"माझा काही या गोष्टींवर विश्वास नाही हं," वेणीमाधवरावांनी सुरुवातीलाच बजावलं, "पण विषाची परीक्षा कशाला घ्या?"

नाशकात हे वाक्य ज्या ज्या घरात बोललं जातं, त्या त्या घरात देवघर बरोबर ईशान्येला असतं.

विश्वेशने मोबाइलमधलं होकायंत्र काढलं. गाडी फाटकासमोर पूर्वेला तोंड करून उभी होती. शास्त्राप्रमाणे स्वयंपाकघर आग्नेयेला हवं, पण आग्नेयेला स्टिअरिंग होतं. विश्वेशने तिकडेच बोट केलं. "दादा, अग्नी तिथे आहेच की. इंजिन! आग्नेय सुटली." ईशान्येला, म्हणजे क्लीनरच्या सीटमागे, छोटा देव्हारा. वायव्य हलकी ठेवायची, तिथे प्लॅस्टिकचं शौचालय आहे ते उत्तम. "नैऋत्य मात्र जड पाहिजे. घरातला सगळा भार नैऋत्येला. पाण्याची टाकीसुद्धा तिकडेच, वर छतावर. नैऋत्य भक्कम असली की घरातला कर्ता पुरुष खंबीर राहतो."

गोदावरीबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "विश्वेशभावजी, गाडी वळली की नैऋत्य कुठे जाते?"

"वास्तूची दिशा पार्किंगवरून धरतात, वहिनी," विश्वेश न डगमगता म्हणाला. दोघे भाऊ हसले आणि गोदावरीबाई चहा टाकायला आत गेल्या.

मग नैऋत्येला, म्हणजे उजवीकडच्या मागच्या चाकाच्या बरोबर डोक्यावर, संसार बसला. कडाप्प्याच्या उभ्या फरश्यांवर ग्रॅनाइटचा ओटा. खाली स्टीलच्या ट्रॉल्या, भांड्यांनी ठासून भरलेल्या. दोन गॅस सिलिंडर, फ्रिज, मिक्सर, घरघंटी, इन्व्हर्टर, त्याच्या दोन बॅटऱ्या. छतावर दोनशे लिटरची टाकी. ओटा पुरा झाला त्या दिवशी वेणीमाधवराव बायकोचा हात धरून तिला आत घेऊन गेले. "बघ, घरच्यासारखाच आहे ना? उंचीसुद्धा तीच ठेवलीय, तुझी कंबर दुखायला नको." गोदावरीबाईंनी ओट्यावरून हात फिरवला आणि काही बोलल्या नाहीत. त्यांना आनंदाने शब्द फुटत नाहीत अशी वेणीमाधवरावांनी समजूत करून घेतली.

पहिली सहल सिन्नरची ठरली. मोहदरीच्या घाटापर्यंत गाडी भरल्या पोटाच्या बाईसारखी संथ चालली. घाटात पहिल्या वळणाला ती उजवीकडे कलली, मग डावीकडे आली, मग पुन्हा उजवीकडे गेली आणि कितीतरी वेळ तशीच डुलत राहिली. छतावरच्या टाकीत पाणी खदखदत होतं. मागून येणारा ट्रकवाला हॉर्न वाजवायचंही विसरून बघत बसला. तिसऱ्या वळणाला गोदावरीबाईंनी तोंडाला पदर लावला, पाचव्या वळणाला गाडी थांबवावी लागली. गोदावरीबाई रस्त्याच्या कडेला ओकल्या, चूळ भरली आणि म्हणाल्या, "घरी चला."

घरी आल्यावर त्यांनी सांगून टाकलं, "ही गाडी जमिनीवर सरळ उभी राहील आणि रस्त्याने सरळ चालेल, त्या दिवशी मी बसेन. तोवर तुम्ही एकटे जा."

एकटे जा! आयुष्यात वेणीमाधवरावांनी स्वतःच्या हाताने चहा केला नव्हता, ही एक गोष्ट. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांना खरोखर तिच्याबरोबरच जायचं होतं. छत्तीस वर्षं पुढे ढकललेलं ते एक काम होतं, आणि ते केल्याशिवाय मरायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. शिवाय ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर त्यांनी निघायची तारीख सांगून टाकली होती. ती तारीख गेली. दुसरी सांगितली, तीही गेली. मग कट्ट्यावरचे लोक ते येताना दिसले की आपणहून विचारू लागले, "काय साहेब, अजून नाशकातच?"

वेणीमाधवरावांनी टेप घेतली. मागच्या चाकावर किती जागा सुटते ते मोजलं. डावीकडे साडेचार इंच, उजवीकडे दीड. वहीत आकृती काढली, बाण काढले, आणि निदान केलं की शॉक अ‍ॅब्सॉर्बर गेले. अंबडच्या एका वर्कशॉपमधून चारही नवे बसवून आणले. पुन्हा टेप लावली. डावीकडे साडेचार, उजवीकडे दीड. कारण शॉक अ‍ॅब्सॉर्बर गाडीचे हेलकावे आवरतो, तो वजन उचलत नाही, आणि हे वेणीमाधवरावांना चांगलं ठाऊक होतं. पण माणूस निवृत्त झाला की त्याचं ज्ञान आधी निवृत्त होतं, मत मात्र शेवटपर्यंत नोकरीवर असतं.

मग त्यांनी मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ पाहिले आणि मागच्या दोन्ही चाकांवर रबराच्या हवेच्या उशा बसवून घेतल्या. हवा भरली की उशी फुगते आणि बसलेली गाडी उचलते. अंबडच्या मिस्त्रीने दोन उशांना दोन वेगळ्या नळ्या ठेवायला सांगितलं होतं. वेणीमाधवरावांनी त्याला सुधारलं. दोन्ही उशा एकाच नळीला जोडायच्या, म्हणजे हवा दोघींना सारखी. "बॅलन्स!" गाडी घेऊन ते एकटेच त्र्यंबक रोडला गेले. वळण आलं, भार उजवीकडे गेला, उजवी उशी दबली, तिच्यातली हवा नळीतून सरळ डाव्या उशीत गेली, डावी फुगली आणि तिने गाडी आणखीच उजवीकडे ढकलली. एकाच पांघरुणात दोघांनी झोपावं, आणि एकाने ओढलं की दुसऱ्याने उघडं पडावं, तसला प्रकार. वेणीमाधवराव वीसच्या वेगाने घरी आले आणि दोन दिवस कट्ट्यावर गेले नाहीत.

तिसऱ्या दिवशी ते आडगाव नाक्यावर गोरक्षकडे पोचले. गोरक्षचं पत्र्याच्या शेडमध्ये कमानपाट्यांचं दुकान होतं. कमानपाटे म्हणजे एकावर एक रचलेल्या वाकदार पोलादी पट्ट्या, चाकावरचा सगळा भार त्याच झेलतात. वर्षानुवर्षं ओझं वाहून त्या सपाट होतात. मग गोरक्ष त्या सोडवतो, भट्टीत तापवतो, ठोकून पुन्हा बाक आणतो आणि तेलात विझवतो. कांद्याचे ट्रक आणि द्राक्षांच्या पिकअप त्याच्या दारात कायम रांगेत. सिन्नर तालुक्यातला पन्नाशीचा माणूस, बोलायला मोकळा आणि हाताला पक्का.

त्याने गाडीला एक प्रदक्षिणा घातली. "साहेब, आत भरलंय काय?"

"काही नाही. घरगुती सामान."

"घरगुतीचाच लय धोका. ट्रकवाला निदान टन खरा सांगतो." गोरक्षने खाली वाकून पाहिलं. "आधी काट्यावर न्या. कुठल्या चाकावर किती वजन हाय ते बघू, मंग पाट्याला हात लावू."

इथे वेणीमाधवरावांचा स्वाभिमान दुखावला. चौतीस वर्षं टर्बाइन तोललेला माणूस, आणि त्याला आडगाव नाक्यावरचा पाटेवाला वजन शिकवणार! "मी इंजिनिअर आहे. मला माहितीय वजन कुठे काय आहे. तुम्ही उजवीकडे एक पाटा वाढवा, बास."

"एकाच अंगाला पाटा वाढवायचा नाय, साहेब. रिकामी झाली की गाडी दुसऱ्या अंगाला पडंल. दोन्हीकडचे भरून देतो. पण वजनाचं तुम्ही बघा."

त्याने दोन्हीकडचे पाटे तापवून बाक भरला, झिजलेले रबरी बुश बदलले, गाडी जमिनीवर चाकांवर उभी असतानाच पाटे धरून ठेवणारे यू-बोल्ट आवळले. फरक बोटभरावर आला. वेणीमाधवराव खूश झाले. वीस दिवसांनी टेप लावली तर उजवीकडे पुन्हा दीड इंच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

ते तावातावाने आडगाव नाक्यावर गेले. चार ट्रकवाल्यांसमोर म्हणाले, "तुमचं काम कच्चं आहे."

गोरक्षने हातातला हातोडा खाली ठेवला. "एकवीस वर्षांत माझ्या हातचा पाटा परत आला नाय, साहेब. आता तुम्ही बोललाच हाय तर असं करू. चला काट्यावर. पाटा चुकला आसंल तर नवा जोड मी पदरचा घालतो. वजन चुकलं आसंल तर मी म्हणंल ते गाडीतून बाहेर काढायचं. कबूल?"

चार ट्रकवाले ऐकत होते. वेणीमाधवराव कबूल म्हणाले.

वजनकाट्यावर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग होती. तिच्यात घरगाडी उभी राहिली तेव्हा आधी सगळे हसले, मग सगळ्यांनी फोटो काढले. काट्यावरच्या कारकुनाला पावतीत मालाचं नाव लिहायचं होतं. "माल काय?" त्याने विचारलं. वेणीमाधवरावांनी तोंड उघडायच्या आत मागून गोरक्ष म्हणाला, "संसार ल्ह्या." कारकुनाने मान वर न करता लिहून टाकलं. आधी अख्ख्या गाडीचं वजन झालं. मग फक्त उजवीकडची चाकं काट्यावर घेतली, डावीकडची बाहेर. वजाबाकी वेणीमाधवरावांनी स्वतः केली, दोनदा केली. उजवी बाजू डावीपेक्षा सहाशे दहा किलो जास्त होती.

"आठ माणसं, साहेब," गोरक्ष हळू आवाजात म्हणाला. "आठ माणसं तुमच्या त्या मागल्या चाकाच्या डोक्यावर बसून हिंडत्यात. आन् दोनशे लिटर पाणी छतावर. ती डुलंल नाय तं काय करंल?"

वेणीमाधवरावांनी पावतीची घडी घातली आणि खिशात ठेवली. मूठभर वजन शोधून काढणारा माणूस, आणि सहाशे किलो त्याच्या नाकासमोर अकरा महिने ठेवलं होतं. ठेवलंही त्यानेच होतं. त्यांना लाज वाटली. परत येताना गोरक्षने काही टोमणा मारला नाही, आणि ते तर जास्तच लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी रिकामी करायची ठरली. ट्रॉल्यांत कुठे काय आहे हे फक्त गोदावरीबाईंना माहीत होतं, म्हणून त्यांनाही आडगाव नाक्यावर यावं लागलं. शेडसमोर ताडपत्री अंथरली. एकेक वस्तू बाहेर येऊ लागली. कुकर तीन. पोळपाट दोन, एक मोठा आणि एक पाहुण्यांसाठी. तांदळाचा, गव्हाचा, बाजरीचा डबा. पुरणयंत्र. इडलीचं पात्र. चकलीचा सोऱ्या. घरघंटी काढायला चार माणसं लागली. ट्रकवाले चहाचे ग्लास हातात घेऊन गोल उभे होते. कोणीतरी म्हणालं, लग्नाचं आचारीपण घेतलंय वाटतं.

गोरक्ष बोलल्याप्रमाणे म्हणाला, "आता मी म्हणंल ते जाणार. पण आधी ताईंचं बाजूला ठिऊ, त्याला हात लावायचा नाय. ताई, यातलं तुमचं काय काय हाय?"

गोदावरीबाईंनी ताडपत्रीवरून नजर फिरवली. कडेला एक कापडी पिशवी होती, ती त्यांनी उचलून हातात घेतली. दोन साड्या, एक स्वेटर आणि रक्तदाबाच्या गोळ्या. "एवढंच."

"आन् हे बाकीचं?"

"ते यांच्या जेवणाचं."

ट्रकवाल्यांपैकी एकजण खोकला. वेणीमाधवराव घाईने म्हणाले, "अगं, आपल्या जेवणाचं म्हण."

"जेवतो आपण. करते मी."

"पण हे सगळं मी तुझ्यासाठीच केलं ना? तू मला कधी बोलली असतीस तर..."

"काय बोलणार होते?" गोदावरीबाईंचा आवाज चढला नाही. त्यांनी तो छत्तीस वर्षं चढवला नव्हता, आता सवय उरली नव्हती. "निवृत्त तुम्ही झालात. मला वाटलं, आता निघू, कुठेतरी बसू, कुणीतरी ताट आणून ठेवील. आणि तुम्ही हात धरून नेलंत आणि ओटा दाखवलात. म्हणालात, उंचीसुद्धा तीच आहे. माझ्या पोटात ढवळलं ते तेव्हाच. घाटात नुसतं बाहेर पडलं."

"मग गाडी डुलते असं का सांगितलंस?"

"ती डुलतेच. आणि गाडी डुलते म्हटलं की तुम्ही टेप घेऊन धावता. मी दमले म्हटलं असतं, तर काय मोजलं असतं तुम्ही?"

वेणीमाधवराव तिथेच एका जुन्या टायरवर बसले. समोर ताडपत्रीवर त्यांचं सगळं प्रेम पसरलेलं होतं, आणि त्यातल्या प्रत्येक वस्तूपाशी कुणालातरी उभं राहावं लागणार होतं. ते कोण, हे त्यांनी एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं. त्यांना बायकोचा राग आला नाही. स्वतःचाही आला नाही, एवढी ताकदच राहिली नव्हती. नुसतं वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. चार ट्रकवाल्यांसमोर त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी धुळीचं निमित्त करून चष्मा पुसला.

"ओटा काढा," ते गोरक्षला म्हणाले.

"घरघंटी?"

"तीही."

"दोन्ही सिलिंडर?"

"घेऊन जा म्हटलं ना."

फ्रिज गेला, ट्रॉल्या गेल्या, कडाप्पा फोडून काढला. मिक्सरपाशी मात्र ते अडले. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. शेवटी मिक्सर गेला, पण चहापुरती एक छोटी विजेची शेगडी ठेवावी अशी त्यांनी रदबदली केली. "ठेवा," गोदावरीबाई म्हणाल्या, "पण चहा तुम्ही करायचा." त्यांनी मान हलवली. पुढचे चार दिवस ते घरी चहा शिकत होते. साखर किती, हे त्यांनी वहीत लिहून घेतलं.

गोरक्षने टाकी छतावरून उतरवून खाली सांगाड्याच्या मधोमध बसवली आणि ती शंभर लिटरची केली. बॅटऱ्या डावीकडे नेल्या. हवेच्या उशांची एक नळी कापून दोन केल्या, जिची हवा तिला. शेवटी त्याने टेप वेणीमाधवरावांच्या हातात दिली आणि स्वतः हात पुसत लांब उभा राहिला. दोन्हीकडे चार इंच आणि वर एक सूत. "साहेब, पाटे तेच हायेत बरं का," गोरक्ष म्हणाला, "नुसतं त्यांच्या उरावरचं उतरवलं." वेणीमाधवरावांनी चार ट्रकवाल्यांना शोधलं. दोनच सापडले. त्या दोघांसमोर त्यांनी गोरक्षची माफी मागितली.

निघायच्या आदल्या दिवशी विश्वेश आला. आत डोकावून त्याने कपाळाला हात लावला. "दादा, नैऋत्य रिकामी केलीस? अरे, घरातला कर्ता पुरुष दुबळा होतो अशाने!"

"होऊ दे थोडा," आतून गोदावरीबाई म्हणाल्या.

कुठे जायचं हे वेणीमाधवरावांनी वहीत आधीच लिहून ठेवलं होतं. दक्षिणेकडचे अकरा मुक्काम, किलोमीटरसकट. सकाळी स्टिअरिंगवर बसल्यावर त्यांनी वही उघडली, मिटली, आणि घसा खाकरून विचारलं, "कुठे जायचं?" गोदावरीबाईंना हा प्रश्न अगदी नवा होता. त्या म्हणाल्या की शाळेत असताना त्यांनी मांडूच्या महालाचं चित्र पाहिलं होतं, पाण्यात उभ्या असलेल्या. ते खरंच तसं आहे का ते बघायचं. आग्रा रोडने गाडी उत्तरेला लागली. चांदवड मागे पडलं. राहुडच्या घाटात वेणीमाधवराव दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून श्वास रोखून बसले होते. वळणं संपल्यावर त्यांनी हळूच शेजारी पाहिलं, तर गोदावरीबाई झोपल्या होत्या.

दुपारी मालेगावच्या अलीकडे एका खानावळीपाशी त्यांनी गाडी थांबवली. बयाबाई नावाची म्हातारी ती चालवत होती. चुलीपुढे बसून ती भाकरी थापत होती. "बसा बाबा, बसा माय," ती म्हणाली, "भाकर गरम शे." दोन ताटं आली. शेवभाजी, बाजरीची भाकरी, कांदा. गोदावरीबाईंनी पहिला घास घेतला, आणि बराच वेळ चावत राहिल्या. दुसऱ्या कुणीतरी केलेली, गरम, आपल्या ताटात येऊन पडलेली भाकरी.

वेणीमाधवरावांनीही घास घेतला. आणि त्यांच्या तोंडून निघायचं ते निघून गेलं. "मीठ कमी आहे."

छत्तीस वर्षं या वाक्यानंतर एक माणूस जेवणावरून उठत असे. वेणीमाधवराव सवयीने थांबले. कोणी उठलं नाही. गोदावरीबाई खाली मान घालून जेवत होत्या. मिठाची बरणी तिकडे चुलीपाशी, बयाबाईच्या मागे होती. वेणीमाधवराव उठले, आणि जाऊन ती घेऊन आले. तोवर गोदावरीबाईंनी आणखी एक भाकरी मागवली होती.